सहलप्रमुख

न्यू जर्सीत चार मराठी घरं एकत्र आली की त्यातला एक जण आपोआप सहलप्रमुख होतो. त्याला कुणी निवडून दिलेलं नसतं, त्यामुळे पाडायचीही सोय नसते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, मूळ गाव ठाणे नाहीतर चिंचवड, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. ऑफिसात हाताखालची पोरं ऐकत नाहीत, तेव्हा उरलेला सगळा कारभारीपणा मित्रांच्या सुट्ट्यांवर खर्च होतो. एडिसनच्या पार्किंगांमध्ये बर्फाचे काळे ढीग अजून वितळायचे असतात तेव्हाच त्याचा मेसेज येतो : ‘समर प्लॅन. मॉन्ट्रियल. शीट पाठवलीय. प्रत्येकाने आपला रकाना भरावा.’

रकाना कुणीही भरत नाही. चार अंगठे तेवढे येतात.

मॉन्ट्रियलच का, याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. पॅरिसला जायचं तर माणशी विमानाचं तिकीट आलं. इथे घरून पोळी-भाजी घेऊन गाडीत बसलं, की साधारण ३७० मैलांवर फ्रेंच बोलणारं अख्खं शहर उभं. “युरोप झालं समज,” असं तो म्हणतो. म्हणताना आवाजात डी-मार्टमधून बाहेर पडणाऱ्या माणसाचं समाधान असतं.

मग तारखा. इथे त्याची प्रतिभा खरी फुलते. २४ जूनला क्वेबेकचा राष्ट्रीय सण, दुकानं बंद, म्हणून तो आठवडा बाद. १ जुलै तर नकोच. तिकडे घरभाड्याचे बहुतेक करार ३० जूनला संपतात, त्यामुळे त्या दिवशी निम्मं शहर फ्रिज आणि सोफे घेऊन या जिन्यावरून त्या जिन्यावर जात असतं. जुलैचे शेवटचे दोन आठवडे बांधकाम कामगारांची प्रांतभर सुट्टी, म्हणजे हॉटेलं महाग. ऑगस्टात आमच्यातल्या दोघांच्या मुली भरतनाट्यमच्या कॅम्पला. असं एकेक पान गाळत तो महिनाभरात चार जुलैच्या लाँग वीकेंडवर येऊन पोचतो. तो वीकेंड त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी सुचवला होता, कारण सगळ्यांना सुट्टी तेव्हाच असते. पण तिच्याकडे शीट नव्हती. शिवाय त्या दिवसांत तिथे जॅझ महोत्सव असतो आणि रस्त्यावरचे बरेच कार्यक्रम फुकट असतात, हे तो लाल अक्षरांत लिहितो. ‘फुकट’ला पिवळा रंगही देतो.

तारीख ठरली की वर्णव्यवस्था सुरू होते. निळ्या पासपोर्टवाले सर्वांत वर, त्यांना काहीच लागत नाही. त्याखाली ग्रीन कार्डवाले, तेही कार्ड आणि पासपोर्ट दाखवून जातात. तिसऱ्या पायरीवर एच-वनवाले, त्यांना कॅनडाचा व्हिसा हवा. आणि उन्हाळ्याला भारतातून आलेले कुणाचे तरी आई-बाबा, म्हणजे बाकीच्यांचे काका-काकू, त्यांनाही. या खालच्या दोन थरांसाठी शीटमध्ये वेगळं पान असतं आणि त्यावर सहलप्रमुखाच्या रोज चौकशा. “काका, बोटांचे ठसे दिलेत ना?” असं तो जेवणाच्या पानावरही विचारतो. बॉर्डरवर काय बोलायचं याची तालीम होते. अधिकाऱ्याने विचारलं तेवढंच सांगायचं. काकांना हे जड जातं. कुठे चाललात असं विचारल्यावर मॉन्ट्रियल एवढंच म्हणून थांबणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. आपण स्टेट बँकेतून निवृत्त झालो, धाकटा बंगळुरूला असतो, हे नको का सांगायला?

दुसरी तालीम पेट्रोलची. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे. पंपावरचा माणूसच भरतो, आपण काचेतून कार्ड द्यायचं. वीस-वीस वर्षं इथे काढलेल्या आमच्यातल्या काहींना नळी कुठे खुपसायची ते आठवत नाही. म्हणून बॉर्डरच्या अलीकडे प्लॅट्सबर्गला ‘टाकी पूर्ण + प्रात्यक्षिक’ अशी वीस मिनिटं राखून ठेवलेली असतात.

पलीकडे गेल्यावर मैलांचे किलोमीटर होतात. ते एक वेळ जमतं, पण मॉन्ट्रियल बेटावर लाल दिव्याला उजवीकडे वळायला मनाई आहे, आणि आमचा अर्धा जन्म लाल दिव्याला उजवीकडे वळण्यात गेलेला. हे वाक्य शीटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी येतं. औषधाच्या बाटलीवर सूचना असावी तसं.

या सगळ्यात तो फ्रेंचही शिकतो. पण किती? फक्त वार, महिने आणि आकडे. नमस्कार नाही, आभार नाही. मेट्रोपार्कहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत कानात बोंडं घालून तो सोमवार ते रविवार पुटपुटत असतो. आम्ही हसतो. तो म्हणतो, “हसा. कळेल.”

खाण्याचा रकाना वहिनींनी ताब्यात घेतलेला असतो, तरी तो त्यात टिपा घालतो. पुटीन म्हणजे बटाट्याच्या फ्राईज, वर चीजचे गोळे आणि गरम ग्रेव्ही. ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रसातली, म्हणून काकूंना ती विचारूनच द्यायची. बेगल मात्र निर्धोक. मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. सेंट-व्हिएतरचं चांगलं की फेअरमाउंटचं, हा तिथला जुना वाद आहे. सहलप्रमुखाने त्यावर गुण द्यायचा तक्ता केलाय. त्यात ‘भाजणी’ला दहापैकी तीन गुण.

प्रत्यक्ष सहलीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. साडेसहा तासांचा रस्ता चार कुटुंबांना दहा तास पुरला. बॉर्डरवरच्या बाईंनी काकांना नेमकं विचारलंच, की काम काय करता, आणि काकांनी तीस वर्षांची नोकरी शाखावार सांगितली. बाई ऐकत राहिल्या. मागच्या गाडीत सहलप्रमुख घड्याळ बघत राहिला.

सेंट जोसेफ ऑरेटरीला त्याने पंचेचाळीस मिनिटं दिली होती. वर जायला २८३ पायऱ्या. मधल्या ९९ लाकडी, गुडघ्यांवर चढणाऱ्या भाविकांसाठी राखलेल्या. ‘ज्येष्ठांसाठी लिफ्ट’ असं शीटमध्ये ठळक होतं. काकूंनी लिफ्टकडे पाहिलंही नाही. जेजुरी केलेल्या बाईला २८३ कसल्या सांगता? आत ब्रदर आंद्रेंच्या समाधीजवळ बऱ्या झालेल्या माणसांनी सोडलेल्या कुबड्या टांगलेल्या आहेत. ब्रदर आंद्रे जवळपास चाळीस वर्षं एका शाळेचे द्वारपाल होते आणि २०१० मध्ये संत ठरले, हे आम्हाला सहलप्रमुख वाचून दाखवत होता. काकूंनी कुबड्या बघून “नवस फेडलेत” एवढं म्हटलं आणि तासभर तिथेच बसल्या. शीट तिथेच मोडली.

रविवारी माँ-रॉयाल टेकडीच्या पायथ्याशी पुतळ्याजवळ लोक ढोल घेऊन जमतात. कुणी बोलावलेलं नसतं, कुणी तिकीट लावत नाही, उन्हाळाभर चालतं. शीटमध्ये ‘टॅम-टॅम, दहा मिनिटं, फोटो’. काका चपला काढून गवतावर बसले, मग मांडीवर ठेका धरला, मग शेजारच्या दाढीवाल्या पोराकडून ढोल मागून घेतला. आमची सगळी मंडळी तिथे पसरली. सहलप्रमुख कुठेच दिसेना.

वहिनी शोधायला गेल्या. तो गाडीपाशी होता. शेजारच्या खांबावर एकाखाली एक चार पाट्या होत्या. कुठे बाण डावीकडे, कुठे उजवीकडे, अमुक वारी नऊ ते बारा बंदी, एप्रिल ते डिसेंबर एक नियम, परवानावाल्यांना सूट. सगळं फ्रेंचमध्ये, आणि सगळं नुसतं वार, महिने आणि आकडे. त्याचा चेहरा उजळला होता. इतका सुरेख तक्ता त्याने स्वतःही कधी केला नव्हता.

“अरे, येतोयस ना? काका ढोल वाजवतायत तिकडे!”

“जा तू पुढे,” पाटीचा फोटो घेत तो म्हणाला, “तिसऱ्या ओळीत एक अपवाद आहे. काय सुंदर बसवलाय बघ!”