कोमट पाण्याचा पेच

सांगलीच्या एका स्नेह्यांनी पाचगणीला बंगला बांधला, अंगणात तलाव केला आणि थंडीत त्यात पाय घालून पाहिला. तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. पाणी तापवायचं सोलरवर की हीट पंपावर?

सोलरचा खर्च एकदाच, पुढे ऊन फुकट. पण आठ मीटर बाय चार मीटर तलावाला छतावर निदान निम्म्या तलावाएवढे पॅनेल हवेत, आणि पावसाळ्यात चार महिने सूर्य पाचगणीकडे फिरकत नाही. हीट पंप हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडतो. एका युनिटात चार-पाच युनिटांची उष्णता. तरी चाळीस हजार लिटर पाणी पाच अंशांनी वर न्यायला पन्नासेक युनिट जातातच. बरं, हवा गारठली की त्याचाही उत्साह गारठतो. म्हणजे नेमका हवा तेव्हाच.

मी म्हटलं, रात्री तलावावर झाकण घाला. बरीचशी ऊब वाफेवाटेच जाते. त्यांचा चेहरा पडला. झाकण स्वस्त असतं, पाहुण्यांना काय दाखवायचं?

पंप आमच्या दुष्काळी आटपाडीलाही ठाऊक आहेत. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पंप कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं डोंगर चढवून तिथे पोचवतात. आवर्तन कधी सुटणार, एवढंच लोक विचारतात. ते पाणी गार आहे की कोमट, याची चौकशी अजून कोणी केलेली नाही.