तोचतोवाला

मराठी मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात, टीव्हीपासून जेमतेम चार फुटांवर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलेल्या अंतराच्या बरेच अलीकडे, खुर्चीच्या काठावर बसलेला जो गृहस्थ आढळतो, त्याला प्रस्तुत लेखात ‘तोचतोवाला’ असे संबोधले आहे. ‘तोच तो’ हा शब्दप्रयोग मराठीत एरवी कंटाळा दाखवण्यासाठी येतो. तीच ती भाजी, तेच ते भाषण, तोच तो पाहुणा. या गृहस्थाच्या तोंडी मात्र तो साक्षात्काराचा उद्गार असतो, आणि तो निघताक्षणी त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आपोआप पडद्याकडे झेपावते. घरातील इतर मंडळींना या शब्दाचा रूढ अर्थच अधिक लागू वाटतो, ही गोष्ट वेगळी.

आज ज्याचे नाव पोस्टरवर हातभर अक्षरांत झळकते, तो नट प्रसिद्धीपूर्वी कोणत्या चित्रपटात, कोणाच्या पाठीमागे आणि किती सेकंद उभा होता हे हुडकून काढणे, हा त्याचा व्यासंग होय. अशा ओझरत्या दर्शनाला लोक सरसकट ‘कॅमिओ’ म्हणतात, आणि तोचतोवाल्याचा पहिला खटका इथेच उडतो. त्याच्या मते कॅमिओ म्हणजे आधीच नामवंत असलेल्याने हौसेखातर वा स्नेहाखातर केलेली छोटी भूमिका, जिला श्रेयनामावलीत, अर्थात पडद्यावर सरकणाऱ्या नावांच्या यादीत, ‘पाहुणा कलाकार’ असा मान मिळतो. ज्याला अद्याप कोणी ओळखतच नाही तो पाहुणा कसला, तो तर आमंत्रणावाचून पंगतीला बसलेला. हे विवेचन तो खऱ्याखुऱ्या पंगतीतही करतो, आणि त्यात तर्काची चूक काढता येत नसल्यामुळे शेजारच्या पानावरील माणसाची फारच पंचाईत होते.

या व्यासंगाला इयत्ता आहेत. ‘सरफरोश’मध्ये (1999) पोलिसांच्या चौकशीला सामोरा जाणारा आणि ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’मध्ये (2003) सुनील दत्त यांचे पाकीट मारणारा तरुण म्हणजे नवाजुद्दीन सिद्दीकी, हे ज्ञान बालवाडीचे समजले जाते आणि ते अभिमानाने सांगणाऱ्या भाच्याकडे तोचतोवाला दयेने पाहतो. ‘स्वामी दादा’मधला (1982) जॅकी श्रॉफ आणि ‘हमारे तुम्हारे’मधला (1979) अनिल कपूर प्राथमिक शाळेत येतात. केतन मेहता यांच्या ‘होली’पासून (1984) माध्यमिक शिक्षण सुरू होते, कारण महेश एलकुंचवार यांच्या नाटकावर बेतलेल्या या चित्रपटात आमिर खान ‘आमिर हुसेन’ या नावाने वावरतो, म्हणजे चेहऱ्याबरोबर नावाचीही उकल करावी लागते. शिवाय त्याच विद्यार्थ्यांच्या घोळक्यात पुढे ‘लगान’ दिग्दर्शित करणारा आशुतोष गोवारीकरही असल्याने एका तिकिटात दोन शिकारी साधतात. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’मध्ये (1988) मुंबईच्या पदपथावर बसून निरक्षरांची पत्रे लिहून देणाऱ्या लेखनिकाच्या भूमिकेत इरफान खान दिसतो. हे दृश्य खरोखरच पाहण्याजोगे आहे, आणि ते पाहावयाचे असल्यास तोचतोवाल्याला त्या वेळी दूध आणावयास पाठवणे इष्ट.

शोधाची प्रत्यक्ष क्रिया जवळून न्याहाळण्यासारखी असते. समजा ‘ताल’ (1999) चालू आहे. ऐश्वर्या राय नाचत आहे आणि घरातील झाडून सारे तिच्याकडे पाहत आहेत, हे एका अर्थी या चित्रपटाचे प्रयोजनच आहे. तोचतोवाला मात्र तिच्या खांद्यापलीकडच्या नर्तकांवर डोळे रोखून बसलेला असतो, कारण त्यांच्यात शाहिद कपूर आहे. तो रिमोटचे बटण दाबतो, चित्र थांबते, परंतु नेमक्या त्या क्षणी मंडळी गिरकी घेत असल्यामुळे पडद्यावर माणसांऐवजी रंगांचे फराटे उमटतात. मग एक पाऊल मागे, दोन पावले पुढे, पुन्हा मागे. स्वयंपाकघरातून ‘अहो, आमटी तिसऱ्यांदा गरम केली’ अशी सूचना येते. अखेरीस एका फराट्यावर बोट टेकवून तो ‘हा बघा, तोच तो!’ असे जाहीर करतो, आणि आमटी चौथ्यांदा गरम करावी लागू नये म्हणून सारे घर तो फराटा मान्य करते. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बोटांच्या ठशांचा जो तेलकट डाग पडलेला असतो, तो शुक्रवारी ओल्या फडक्याने पुसला जातो आणि रविवारी दुपारपर्यंत पूर्ववत होतो.

या पंथात प्रादेशिक शाखा असून त्यांचे आपसांत पटत नाही. पुणेकर तोचतोवाला ‘प्रभात’च्या ‘चाँद’मध्ये (1944) गुरुदत्त छोट्याशा भूमिकेत श्रीकृष्ण झाला होता, हे हुकमाचे पान फेकतो, त्यावर कोल्हापूरकर शांतपणे भालजी पेंढारकरांच्या ‘वाल्मिकी’तील (1946) नारद पुढे करतो, आणि तो नारद राज कपूर असतो. कृष्ण मोठा की नारद, या शास्त्रार्थात दोघांपैकी कोणी ते चित्रपट पाहिले आहेत काय, हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे मानतात. रंगभूमीच्या वळणाचा मुंबईकर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1971) या सत्यदेव दुबे यांच्या चित्रपटात आगगाडीच्या डब्यात गाणारा आंधळा म्हणजे अमरीश पुरी, एवढे सांगून चहा मागतो. लता मंगेशकर ‘पहिली मंगळागौर’मध्ये (1942) पडद्यावर आल्या होत्या, या माहितीवर मात्र तिन्ही शाखा हात जोडतात.

सर्वांत वरची पायरी कानाची. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये (1969) अमिताभ बच्चन दिसतच नाही, केवळ निवेदनाचा, म्हणजे कथा सांगणारा, त्याचा आवाज ऐकू येतो. पडद्यावरचा त्याचा पहिला चित्रपट ‘सात हिंदुस्तानी’ही त्याच वर्षीचा, त्यामुळे त्या वेळी हा आवाज कोणाचा हे कोणी विचारण्याचे कारण नव्हते. ‘भुवन शोम’पुढे तोचतोवाल्याची थोडी अडचण होते, कारण तर्जनी नेमकी कुठे रोखावी हे ठरत नाही. बराच वेळ अधांतरी राहून ती शेवटी स्पीकरकडे वळते.

एवढी तीक्ष्ण दृष्टी असलेल्या माणसाला भविष्यही दिसत असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती अशी की त्याच्या दोनशे पानी वहीत पुढच्या बाजूने शोधांची नोंद असते, तर मागच्या बाजूने ‘होणार’ असे शीर्षक देऊन मालिकांमध्ये चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या आणि दार उघडणाऱ्या होतकरू मंडळींची यादी असते; पुढची बाजू भरत आली आहे आणि मागच्या यादीतले अजून कोणीही पुढे आलेले नाही. याहून मोठी उणीव अशी की कथानक त्याला कधीच ठाऊक नसते. मुझफ्फर अली यांच्या ‘गमन’मध्ये (1978) नाना पाटेकर कोणत्या दृश्यात येतो हे तो झोपेतही सांगेल, परंतु उत्तर प्रदेशातून मुंबईत येऊन टॅक्सी चालवणाऱ्या आणि घरी परतू न शकणाऱ्या ज्या माणसाची ती कहाणी आहे, त्याचे पुढे काय झाले असे विचारले तर तो गोंधळून पाहतो. ज्युनियर आर्टिस्ट, म्हणजे रोजंदारीवर जमावात उभे राहणारे नट, त्याच्या लेखी केवळ आडोसा असतात. ‘मुन्नाभाई’तील पाकीटमाराच्या अंगावर धावून जाणाऱ्या जमावात तेवढीच मेहनत करणारे कित्येक जण आहेत, त्यांच्यातील एकाचेही नाव त्याच्या वहीत नाही, आणि खरे तर ते आणखी कोणाच्या वहीतही नाही.

अशा घरी चित्रपट पाहण्याचा योग आलाच, तर वाचकांनी त्याच्या डाव्या बाजूची खुर्ची धरावी. बोट उजव्या हाताचे असते, आणि ते एकदा वर गेले की मध्यंतरापर्यंत खाली येत नाही.