रमपरीक्षा

दारूच्या पंगतीत रमचं पान शेवटचं. व्हिस्कीवाल्याने ग्लास दिव्यासमोर धरून नुसतं बघत बसावं, लोक त्याला दर्दी म्हणतात, रमवाल्याने तेच केलं तर शेजारचा विचारतो, "माशी पडली का?" कॉलेजात वर्गणी काढून आणायची, थम्स अपमध्ये बुडवायची आणि पगार वाढला की रस्त्यात ओळख दाखवायची नाही, अशी आपल्याकडे रमशी वागायची रीत. गंमत म्हणजे आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीतून काढलेल्या स्पिरिटवरच उभी असते. युरोपात ती व्हिस्की म्हणून विकताच येत नाही, कारण तिथल्या कायद्याने व्हिस्की धान्याचीच लागते. म्हणजे रमला नाकं मुरडणारे कितीतरी सद्गृहस्थ जन्मभर तीच मळी वेगळ्या लेबलाखाली रिचवत आलेत.

रमवरचा हा अन्याय दूर करायचं मी पन्नाशीनंतर मनावर घेतलं. त्यामागे फार उदात्त हेतू होता असं नाही. साखरेचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी कोल्ड्रिंक बंद केलं. दारूबद्दलही ते काहीतरी सांगत होते, पण तोवर मी फाइल गोळा करून उठलो होतो. आता थम्स अप गेल्यावर रमचं करायचं काय? सोड्याने मला ढेकर येतात आणि साध्या पाण्यातली रम घशाखाली उतरत नाही. राहिली कोरी. ती घेतली, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसता पुसताच मला साक्षात्कार झाला की रम पिण्याची खरी, अभिजात पद्धत ती हीच. बाकीचं जग आजवर रमची विटंबना करत होतं, आणि त्या जगात कालपर्यंत मीही होतो, हा तपशील मी सोयीस्करपणे मागे टाकला.

मग वाचन सुरू झालं. नव्याने बाटलेल्या माणसाइतकं वाचन कुणी करत नाही. ब्रिटिशांनी 1655 साली जमैका घेतलं आणि त्यांच्या आरमारात रम शिरली. पुढे खलाशाला दिवसाला अर्धा पाइंट रम मिळू लागली, म्हणजे पाव लिटरहून जास्त, आणि तीही कोरी. एवढी पोटात गेल्यावर शिडावर चढणार कोण? शेवटी 1740 साली व्हाइस ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी हुकूम काढला, की रममध्ये चौपट पाणी घालूनच ती वाटायची. पाण्याचं प्रमाण पुढे बदलत गेलं, पण शेवटी शेवटी अशी वहिवाट पडली, की साध्या खलाशाला पाणी घातलेली आणि वरच्या हुद्द्याच्या पेटी ऑफिसरला कोरी. हा रतीब 31 जुलै 1970 रोजी कायमचा बंद झाला. ते वाचून मी एवढाच बोध घेतला, की कोरी रम ही बढतीची खूण आहे. ऑफिसात जी बढती मला मिळाली नाही, ती मी घरच्या घरी घेऊन टाकली.

हे ज्ञान कुणाला तरी ऐकवणं भाग होतं. नेमका मेहुणा सुट्टीवर आला. तो दुबईत एका हॉटेलचा बार सांभाळतो. येताना त्याने ड्यूटी फ्रीमधून दोन बाटल्या आणल्या होत्या, एक बार्बाडोसची, एक जमैकाची. बाटल्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "लिंबं आहेत का घरात?"

"लिंबं?" मी म्हणालो. "गायक ऐकायचा तर तानपुऱ्यावर ऐकावा. मागे ढोलताशा लावून नाही."

"आणि गडी जन्मलाच असेल ढोलताशासाठी तर?" तो म्हणाला. "दाजी, जमैकात हॅम्पडेन नावाची डिस्टिलरी आहे. तिच्या सगळ्यात जहाल रममध्ये शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे दीड किलोच्या वर एस्टर असतात. ती कोरी प्यायला बनवतच नाहीत. दुसऱ्या रममध्ये जरा जरा मिसळायला बनवतात. तिची परीक्षा तुम्ही तानपुऱ्यावर कशी घेणार?"

मी साखरेचा मुद्दा काढला. युरोपात रममध्ये लिटरमागे वीस ग्रॅमपर्यंत साखर घालायला मुभा आहे. कोला स्वतःच लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर घेऊन येतो. अशा ग्लासात कंपनीने केलेली वीस ग्रॅमची लाडीगोडी कुणाला कळणार? कोरी प्यायलो तरच ती पकडता येईल. बार्बाडोसचे रिचर्ड सील हे फोरस्क्वेअरचे रमकर्ते रममध्ये वरून साखर घालण्याविरुद्ध कितीतरी वर्षं बोलताहेत, हेही मी ऐकवलं. सील यांचं नाव मी घरच्या माणसासारखं घेतलं.

"कोला सोडा हो," मेहुणा म्हणाला. "आमच्याकडे नवी रम आली की आम्ही डायकिरी करून बघतो. रम, लिंबू, साखर, बर्फ. लपायला जागाच नाही. आणि महागाची रम मिसळायची नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला? ट्रेडर विक नावाच्या बारवाल्याने 1944 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला मायताय हे कॉकटेल पहिल्यांदा केलं, तेव्हा त्यात जमैकाची सतरा वर्षं मुरलेली रम घातली होती. त्याला फाशी द्यायची का?"

चर्चेने हे मिटणार नव्हतं. मी शनिवारी रात्री रमपरीक्षा जाहीर केली.

परीक्षक म्हणून समोरच्या फ्लॅटमधले सीए, खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि बायकोचे मामा यांना बोलावलं. मामा सातारा जिल्ह्यातले, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. परवाने सगळ्यांकडे होते. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात अजून प्यायला परवाना लागतो आणि तो आरोग्य राखण्यासाठी मिळतो, त्यामुळे आम्ही सगळे कागदोपत्री प्रकृती सांभाळायलाच जमलो होतो. बायकोची दाढ त्या आठवड्यात ठणकत होती, त्यामुळे घरातून विरोधही नेहमीपेक्षा कमी होता.

तयारी मी जातीने केली. ट्यूलिपच्या आकाराचे ग्लास हवे होते. आहेरात आलेले सरबताचे ग्लास काढले. दोन पाहुण्या बाटल्यांच्या जोडीला तिसरी ओल्ड मंक, मोहन मीकिनने 1954 साली आणलेली आपली घरची. तिन्ही स्वयंपाकघरात ओतून ग्लासांना अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावल्या. गुणपत्रिका छापल्या: रंग, गंध, चव, शेवट. जिभेवर दुसरी चव नको म्हणून चखण्याला बंदी. फक्त बिनमिठाचे कुरमुरे. सीएंनी वाटीत डोकावून पाहिलं, मग किचनकडे पाहिलं, आणि किचनमधून काहीच येत नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला होतो तसा झाला.

एक गोष्ट मात्र राहिली होती. तयारीच्या वाचनात मला कळलं होतं, की कडक दारूत पाण्याचे एक-दोन थेंब टाकले की दडलेले गंध मोकळे होतात. जाणकार लोक त्यासाठी ड्रॉपर ठेवतात. औषधांच्या डब्यात मला एक सापडला. मी तो नळाखाली दोनदा खळखळून धुतला. पुढे जे झालं त्या संदर्भात हे दोनदा धुणं कुणी लक्षातच घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

मी प्रत्येकाच्या ग्लासात थेंब सोडत फिरलो. मामांपाशी आलो तर त्यांनी ड्रॉपरकडे बघितलं आणि ग्लासवर हात ठेवला.

"जावईबापू, माझे काय डोळे आलेत?"

"मामा, यानं गंध खुलतो."

"मला आपलं गरम पाणी द्या पेलाभर. लेहला होतो तेव्हापासूनची सवय आहे."

कोऱ्या रमच्या परीक्षेत गरम पाणी! पण मामेसासरे पडले. मी त्यांच्या गुणपत्रिकेवर पेन्सिलीने 'बाद' लिहून ठेवलं.

पहिला घोट झाला. सीएंनी डोळे मिटले. "लवंग," ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. नवख्या माणसाला पहिल्याच घोटात लवंग लागावी! मी ताबडतोब व्याख्यान सुरू केलं. रम ओकच्या पिंपात मुरते. ओकच्या लाकडात युजेनॉल असतं. लवंगेला लवंगेचा वास येतो तोही युजेनॉलमुळेच. पिंपातून ते हळूहळू रममध्ये उतरतं. यातला शब्द न् शब्द खरा आहे, हे मी आजही सांगू शकतो.

"ब मध्येही लवंग आहे," डॉक्टर म्हणाले.

"असणारच. पिंप ओकचंच."

"क मध्ये तर जास्तच आहे."

"जास्त मुरलेली असेल."

"माझी जीभ बधिर झालीये," सीए म्हणाले.

"त्याला फिनिश म्हणतात," मी म्हणालो. "घोट गेल्यावरही चव रेंगाळते. 'शेवट'च्या रकान्यात दहापैकी नऊ द्या."

त्यांनी दहा दिले. डॉक्टर तर वेगळ्याच तंद्रीत होते. ग्लास नाकाशी धरून म्हणाले, "काय आहे कळत नाही, पण फार ओळखीचं वाटतंय. अगदी क्लिनिकमध्ये बसल्यासारखं." मी गुणपत्रिकेच्या शेऱ्यात लिहून घेतलं: स्मृती जागवणारी रम. मेहुण्याने एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला होता आणि तो माझ्याकडे असा बघत होता, की हा आता हरणार याची मला खात्री पटली.

मामांचा मात्र काहीच शेरा नव्हता. मी मुद्दाम खोदून विचारलं, "लवंग लागली का?"

"नाही बा. या अ मध्ये पिकलेल्या केळ्याचा वास येतोय, जरा अननसासारखा. ब गुळगुळीत आहे, चांगली आहे, पण तिला काही म्हणायचं नाही. आणि क आपली कॅन्टीनची."

मी चिठ्ठ्यांचा कागद उघडला. अ जमैका, ब बार्बाडोस, क ओल्ड मंक. केळ्या-अननसाचे वास एस्टरांचेच असतात आणि जमैकाची ओळखच ती. पेल्यात गरम पाणी घालून बाद झालेला एकटा परीक्षक तिन्हीत उत्तीर्ण झाला होता. याचं काय करावं या विचारात मी असतानाच आतून बायको आली, एक हात गालावर.

"अहो, माझा ड्रॉपर कुठाय? लवंगेचं तेल सोडायचंय दाढेत."

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. पहिले भानावर आले ते डॉक्टर. "तरीच!" ते म्हणाले. "दातात भरायच्या सिमेंटमध्ये आम्ही युजेनॉलच वापरतो. दिवसभर तोच वास असतो हो क्लिनिकला." मग धंद्याला जागून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की बधिरपणा जाईपर्यंत गरम काही खाऊ नका, जीभ भाजली तरी कळणार नाही. मेहुण्याने तेवढ्यात लिंबं कापून, साखर विरघळवून डायकिरी केल्या. मामा सोडून सगळ्यांनी त्या प्यायल्या आणि कुणालाही कशाचीही चव लागली नाही. तिन्ही डायकिरींना सारखेच गुण पडले. त्यामुळे मिसळून परीक्षा घेण्याची पद्धतही त्या रात्री सिद्ध झाली नाही, हे मी मेहुण्याच्या नजरेस आणून दिलं.

पण त्यानंतर मी जो विचार केला, तो मात्र मला कुणी खोडून दाखवावा. बाटलीतली रम कोरी असते, हे म्हणतं कोण? भट्टीतून उतरते तेव्हा ती पाण्यासारखी पांढरी आणि कितीतरी जास्त कडक असते. पिंप तिला रंग आणि वास देतं. मग ब्लेंडर निरनिराळ्या पिंपांतल्या, वेगवेगळ्या वयाच्या रमी एकत्र करतो. त्यात पाणी घालून ती बाटलीच्या मापाला आणतो. ओल्ड मंकचं माप 42.8 टक्के. काळ्या रमच्या रंगासाठी बरेचदा कॅरमेल पडतं, कुठे साखर पडते. एवढे सगळे हात लागून गेल्यावर आपण झाकण उघडतो आणि शपथेवर सांगतो, की आपल्याला काही मिसळलेलं चालत नाही. भांडण उरतं ते फक्त एवढंच, की शेवटचा थेंब कुणी टाकायचा. कंपनीने टाकला तर कोरी, मेहुण्याने टाकला तर कॉकटेल आणि मी टाकला तर लवंग.

म्हणून रम कशात जोखायची, याचं उत्तर माझ्या मते पिणाऱ्यावर सोपवावं. कंपनीने आत काय केलंय हे शोधायचं असेल तर कोरी घ्या, जीभ शाबूत असेल तर. ती रम लिंबासाखरेसमोर उभी राहते का, हे बघायचं असेल तर डायकिरी करा. आणि मामांसारखी लेहची थंडी काढली असेल, तर कुणाचं ऐकू नका, पेला पुढे करा. माझ्यापुरतं सांगायचं तर डॉक्टरांनी थम्स अप बंद केलीय, मेहुणा डायकिरीला साखर घालतो, तीही बंद, आणि ड्रॉपर बायकोने कपाटात कुलपात ठेवलाय.

सीए मात्र त्या रात्रीनंतर पार बदलले. पुढच्याच आठवड्यात वाइन शॉपमध्ये जाऊन त्यांनी लवंगेच्या चवीची रम मागितली. दुकानदाराने शांतपणे मसाल्याची रम काढून दिली, ओल्ड मंकपेक्षा बरीच महाग. आता ते दर शनिवारी कुणाला ना कुणाला घरी बोलावतात, ग्लास दिव्यासमोर धरून ओक, पिंप, युजेनॉल असं सगळं माझंच व्याख्यान त्याला ऐकवतात आणि मिसळायचं नाव काढलं की बजावतात, "थम्स अप अजिबात नको हं. लवंग मरते."