ऑटो अपडेट साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. ऑटो अपडेट साहेब,
मुक्काम : आमच्याच यंत्रात

विषय : न विचारता केलेल्या उपकारांबद्दल आभार

महोदय,

साष्टांग नमस्कार.

१९ जुलै २०२४ ची आपली कामगिरी आम्ही विसरलेलो नाही. चोरांपासून संगणक राखणाऱ्या क्राउडस्ट्राइकच्या पहारेकऱ्याला आपण एक नवी फाइल पोचवलीत. तो एकविसावी नोंद वाचायला गेला. हातात होत्या वीसच. विंडोजच्या गाभ्यातच त्याचं ठाणं, त्यामुळे पडला तो संगणकाला घेऊनच. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. चोर आत शिरला नाही, हे मान्य. बंद संगणकात शिरून तो करणार तरी काय?

फाइल ७८ मिनिटांत मागे घेतलीत, पण पडलेल्या संगणकांना ते कळणार कसं? एकेकापाशी माणूस बसवून ती पुसावी लागली. भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. शाळेत घोटलेलं अक्षर अखेर कामी आलं. काही सावध कंपन्यांनी मुद्दाम एक आवृत्ती मागे राहणं पसंत केलं होतं. पण ती सवलत अशा फाइलींना लागू नव्हती. त्या सगळीकडे एकदमच गेल्या.

आमच्या वेगाचीही आपल्याला काळजी. २०१७ च्या जानेवारीत ॲपलच्या अपडेटने थकलेल्या बॅटरीचे आयफोन संथ केले. ते अचानक बंद पडू नयेत, हा हेतू चांगलाच होता. फक्त तो डिसेंबरात नीट सांगितला गेला. तोवर नुसती बॅटरी बदलून ज्यांचं भागलं असतं, त्यांनी नवा फोन घेतला असेल तर तो त्यांचा उतावीळपणा!

बरं, आपल्याला हाकलावं, तर तेही परवडत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस विंडोजच्या ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तो न बसवल्याची किंमत ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांनी मोजली.

तेव्हा जरूर या, पण आधी थोड्यांकडे या. तिथे काही मोडलं नाही, तरच पुढे. परतीची वाट मोकळी ठेवा. सुरक्षेचा पॅच आणि चिन्हांचे नवे रंग एकाच गाठोड्यात बांधू नका. ‘किरकोळ सुधारणा’ म्हणजे नेमकं काय, तेही लिहा.

अटी मान्य असल्यास ‘मी सहमत आहे’ हे बटण दाबावे. न दाबल्यास आपली संमती गृहीत धरली जाईल.

आपला नम्र,
एक वापरकर्ता
(हुद्दा : बिनपगारी चाचणी अधिकारी)