अण्णांचं विमान धुरजड आहे

"बसायच्या आधी काट्यावर उभं राहा," अण्णा म्हणाले.

मी नुसता चहाला गेलो होतो. पण अण्णांच्या आतल्या खोलीत ज्याला टेकायचं असेल, त्याला दाराशी ठेवलेल्या वजनकाट्यावर चढावंच लागतं. तेही चपला घालून. "विमानात काय अनवाणी बसणार हाय?" काट्यानं ७८ किलो दाखवले. माझ्या हातातली पिशवी वेगळी तोलली गेली (वांगी, दीड किलो), दोन्ही आकडे वहीत मांडले गेले आणि मला अण्णांच्या उजव्या हाताची खुर्ची मिळाली. कोल्हापूर ते गोवा, सेस्ना १७२, पुढची सीट. मागच्या सीटवर वहिनी. त्या तेव्हा स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या, पण वहीप्रमाणे विमानात बसल्या होत्या.

अण्णा एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले. मायक्रोसॉफ्टनं १९८२ साली पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आणला, तेव्हा अण्णा उसाच्या बैलगाड्या तोलत होते. भरलेलं वजन, वजा रिकामं वजन, फाडा पावती. पावकिलोचाही घोळ त्यांनी कधी केला नाही. काट्यावरचा माणूस म्हटलं की शेतकरी ज्या नजरेनं बघतो, ती नजर चुकवायची वेळ त्यांच्यावर आली नाही, आणि हे त्या भागात सोपं नाही. निवृत्तीनंतर नातवानं जाताना संगणकावर हा खेळ टाकून दिला. नातू विमानं पंचगंगेत पाडायचा. अण्णांनी पहिल्याच दिवशी वजनाचं पान उघडलं आणि तिथेच मुक्काम ठोकला.

त्या पानावर प्रत्येक सीटचं वजन भरता येतं, टाक्यांतलं पेट्रोल कमीजास्त करता येतं आणि सगळ्या वजनाचा मध्य कुठे पडतो ते दिसतं. अण्णांच्या वहीत सगळं पाठांतरासारखं लिहिलंय. इंजिनामागच्या पत्र्यापासून मोजायचं: पुढची सीट ३७ इंचांवर, पेट्रोल ४८, मागची सीट ७३, सामान ९५. वजन गुणिले अंतर, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण वजन. उत्तर ४७.३ इंचांच्या मागे जाता कामा नये आणि एकूण काटा ११५७ किलोंच्या वर नको.

"गाडी भरायचं शास्त्र हे," अण्णा म्हणाले. "पुढं जास्त झालं तर धुरजड, बैलाच्या मानंवर बोजा. मागं जास्त झालं तर उलाळ, बैल वर टांगलं जातंय. धुरजड गाडी रडत का हुईना, पोचती. उलाळ गाडी घात करती." विमानाचं शास्त्र शिकवणारी माणसंही हेच सांगतात: नाकाकडे जड विमान उचलायला जड जातं, पण शेपटीकडे जड विमान एकदा हवेत अडखळलं की सावरणं कठीण. फक्त त्यांना ते सांगायला आलेख लागतो.

अण्णा आयुष्यात एकदाही विमानात बसलेले नाहीत, हे इथेच सांगून टाकतो. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ घरापासून पाऊण तासावर आहे.

हवेत गेल्यावर ट्रिम सुरू होतं. शेपटीच्या आडव्या पंखाला मागच्या कडेनं एक अरुंद पट्टी असते. ती सीटांमधल्या चाकानं हलवायची. चाक पुढे फिरवलं की नाक खाली, मागे फिरवलं की नाक वर. खऱ्या विमानात हँडलवर जो जोर येतो, तो नाहीसा होईपर्यंत चाक फिरवायचं, की मग विमान आपल्या आपण सरळ जातं. घरी पंचाईत अशी की जॉयस्टिकला विमानाचा जोर कळतच नाही, तिला फक्त स्वतःची स्प्रिंग ठाऊक. त्यामुळे ट्रिम फिरवत फिरवत काठी हळूहळू मधे सोडायची. जरा घाई झाली की विमान झोके घ्यायला लागतं, वर, खाली, पुन्हा वर. पाळणा हलवल्यासारखं.

आधी अण्णा हे कीबोर्डच्या बटणांनी करायचे. एक टिचकी मारली की नाक आभाळात, परतीची टिचकी मारली की नाक राधानगरीच्या जंगलात. मधली टिचकीच नव्हती. मग एका दुपारी वहिनींच्या शिवणयंत्राचं चाक नाहीसं झालं. ते आता टेबलाच्या कडेला, खाली फिरणारं बटण जोडून, स्क्रूनं बसवलेलं आहे. तेव्हापासून घरातल्या उशांचे अभ्रे रस्त्यापलीकडच्या शिंप्याकडे जातात.

त्या दिवशी आंबोलीच्या आसपास अण्णांनी ते चाक केसभर मागे घेतलं, थांबले, पुन्हा केसाच्या निम्मं पुढे केलं. मग काठीवरून हात उचलला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. उंचीचा काटा हलला नाही. वेगाचा हलला नाही. खाली घाट सरकत होता आणि अण्णा श्वास धरून बसले होते. मला खोकला येत होता, तोही गिळला.

"अहो," वहिनी चहा घेऊन आल्या, "त्या वहीत माझं वजन किती लावलंय?"

"बासष्ट. तुम्हीच सांगितलंत."

"एकाहत्तर आहे."

खोलीत शांतता पसरली. अण्णांनी पेन्सिल घेतली. जास्तीचे ९ किलो, ७३ इंचांवर. "मध्य पाव इंच मागं सरकला," ते हळू आवाजात म्हणाले.

"पण संगणकाला कुठं माहीत आहे?" मी म्हणालो.

"मला माहीत हाय की."

वहिनींचा आकडा दुरुस्त झाला. नाक पुन्हा डोलायला लागलं, पुन्हा चाक. एवढ्यात अण्णांनी मला १९८३ साली कॅनडात घडलेली गोष्ट ऐकवली. विमानात २२,३०० किलो इंधन हवं होतं, हिशेबाच्या गोंधळात भरलं गेलं २२,३०० पौंड. विमान चालू प्रवासात बंद पडलं आणि इंजिनाशिवाय तरंगत गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर उतरलं. सगळे वाचले. ही गोष्ट अण्णा रद्दीवाल्यालाही सांगतात, काटा लावायच्या आधी.

गोव्यात दाबोळीला आम्ही समुद्राच्या बाजूनं आलो. वेग कमी केला, फ्लॅप सोडले, आणि फ्लॅप सोडताच नाक उसळलं. अण्णांनी चाक पुढे फिरवलं, जास्त फिरलं, मागे घेतलं. धावपट्टी समोर. मी खुर्चीचा हात घट्ट धरला, हे कबूल करायला हरकत नाही.

अण्णांनी पॉजचं बटण दाबलं.

"किती पेट्रोल जळलं, ते वजा करायचं राहिलं," म्हणाले आणि वही ओढली. नऊ वाजता वहिनींनी जेवायला बोलावलं.

याला आता तीन आठवडे झाले. परवा मंडईत भेटले. मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून भात सोडलाय, असं बोलता बोलता म्हणालो. अण्णांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आत्ता नको. तुम्ही अजून विमानात हाय."