राहुटीचे नवे प्रावरण

मिनेसोटातील मिल लॅक्स सरोवर गोठले, की बर्फाला भोक पाडून, वर राहुटी उभारून गळ टाकणारा गृहस्थ, तिचे जुने कापड विरल्यावर नवे आच्छादन निवडताना, ते धाग्याच्या जाडीच्या मापाने 600 डेनियरचे असावे की 900 चे, एकेरी की अस्तराचे, याचा खल दिवाणी दाव्याच्या चिकाटीने करतो. मात्र सांगाड्याच्या नळ्या मोजण्याची तसदी बेलाशक मुलतवी ठेवतो. अस्तराने ऊब टिकते, छतावरून ठिबकणारे दव घटते, हे निर्विवाद. परंतु वजनही वाढते, आणि ते ओढावे लागते मालकालाच. शिवाय शेगडी पेटवून झरोके बुजविणाऱ्याची कापडाच्या उंची प्रतीमुळे कार्बन मोनॉक्साइड गय करीत नाही. तात्पर्य, आधी माप, मग झरोके; रंगाची चर्चा मासा लागेतो तहकूब ठेवावी.