चटई क्षेत्र

घर बघायला जाताना लोक माहितीपत्रकं नेतात, कॅल्क्युलेटर नेतात, फारच चिकित्सक असतील तर टेप नेतात. आमची आई चटई घेऊन यायची.

चूक माझीच. पहिल्या रविवारी मी नुसतं "कार्पेट एरिया" म्हणालो असतो, तर ते इंग्रजीतलं काहीतरी म्हणून तिने सोडून दिलं असतं. पण कागदावरचा सरकारी शब्द मी मोठ्यांदा वाचला. चटई क्षेत्र. आईने चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे चटई अंथरून मोजतात?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो. पुढच्या रविवारी गाडीच्या मागच्या सीटवर बाबांच्या छत्रीशेजारी सुतळीने बांधलेली चटईची वळकटी होती.

आईचं बरंचसं आयुष्य सदाशिव पेठेतल्या वाड्यात, दोन खोल्यांत गेलं. रात्री तिथे किती अंथरुणं पडतात हेच तिच्या लेखी घराचं माप. एरवी सात. गणपतीत नगरची मंडळी आली की अकरा, आणि मग दाराशी निजलेल्याने पहाटे दूधवाल्यासाठी उठायचं हा नियम. त्या खोल्या किती चौरस फुटांच्या होत्या हे तिला तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता वाडाच नाही म्हटल्यावर कुणी सांगणारही नाही.

धायरी, आंबेगाव, वाकड, उंड्री. पुण्याला इतक्या बाजू आहेत हे घर शोधायला लागल्यावर कळलं. कुठेही जा, विक्रीच्या ऑफिसात तीच गारेगार हवा, तीच कागदी पेल्यातली कॉफी आणि काचेखाली तेच चिमुकलं संकुल. त्यात स्पंजाची झाडं, निळ्या रंगाचा पोहण्याचा तलाव आणि बोटाच्या पेराएवढी माणसं. त्यांतल्या एकाच्याही हातात भाजीची पिशवी नव्हती. संकुलाला नाव इटलीतल्या एखाद्या गावाचं. बाबा ते दर वेळी वेगळं उच्चारत, आणि विक्रीवाला मुलगा दर वेळी "करेक्ट सर" म्हणे.

मग सॅम्पल फ्लॅट. मुलांच्या म्हणून दाखवलेल्या खोलीत एक गोंडस पलंग होता. आईने सुतळी सोडली आणि चटई जमिनीवर न अंथरता थेट पलंगावर टाकली. दोन्ही टोकांना ती वीतभर बाहेर लोंबायला लागली.

"हा पलंग कुणासाठी?"

"काकू, सॅम्पलसाठी वेगळं फर्निचर बनवून घेतात," मुलगा प्रामाणिक निघाला.

"आणि दारं?"

मी तोवर पाहिलंच नव्हतं. एकाही खोलीला दार नव्हतं. दार नसलं की ते उघडायला जागा लागत नाही आणि खोली ऐसपैस दिसते, हे गुपित आईने चटईच्या जोरावर उघडं पाडलं. तेव्हापासून मी तिला घरी ठेवून जायचा विचार सोडून दिला.

पूर्वी म्हणे याहून मजा होती. जिना, लिफ्ट, खालची लॉबी, सगळ्याचा वाटा आपल्या फ्लॅटमध्ये मिसळून 'सेलेबल' आकडा सांगत. नांदायला सातशे फूट आणि पैसे हजार फुटांचे. 2016 चा रेरा कायदा आला, 2017 च्या मे महिन्यापासून महारेराचं काम सुरू झालं आणि बिल्डरांना चटई क्षेत्र सांगणं भाग पडलं. पण ही कायद्याची चटईसुद्धा विचित्रच. व्याख्येप्रमाणे घरातल्या आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा तिच्यात धरतात आणि बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे जिथे मुंगीलाही पाठ टेकता येणार नाही, तिथे चटई अंथरलेली. आणि जिथे खरोखर अंथरून चहा प्यावा, तिथे नाही. मी हे आईला समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. कायदा करणारा कधी जमिनीवर झोपला नसावा, असा तिचा निष्कर्ष निघाला.

शेवटी एक तयार घर पसंत पडलं. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं, त्यामुळे जीएसटी नाही. (भोगवटा हा शब्द ज्याने निवडला, त्याने स्वतः कर्ज काढलं असणार.) 62 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 667 चौरस फूट, किंमत 70 लाख. आईची चटई तीन बाय सहाची. तिने बाबांकडून भागाकार करून घेतला: सदतीस चटया. मग बाबांनाच काय सुचलं कोण जाणे, त्यांनी उलटा हिशेब केला. एका चटईला एक लाख एकोणनव्वद हजार. आई त्या दिवशी चटईवर बसली नाही.

बँकेबद्दल फार बोलत नाही, जखम ओली आहे. 50 लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता 43,391 रुपये. पहिल्या हप्त्यातले 35,417 व्याजात जातात आणि मुद्दल फिटते 7,974. म्हणजे महिनाभर राबून मी बँकेकडून पाऊण चौरस फूट सोडवून घेतला. दोन्ही पाय जुळवून, हात न हलवता उभं राहता येईल एवढा.

बरं, तो तरी माझा का? पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, पण खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. नवरा नुसता शेजारी जाऊन बसला तरी सूट गेली. बायकोने क्षणात हिशेब मांडला.

"तुझं नाव घालायचं तर सत्तर हजार पडतील."

"मग?"

"मग काही नाही. तेवढ्यात मॉड्युलर किचन होतंय."

अशा रीतीने कर्जात मी आहे, घरात नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त झाला तेव्हा बायको 'लिहून घेणार' म्हणून कॅमेऱ्यासमोर बसली, अंगठे उमटवले, आणि मी तिची पर्स सांभाळत मागच्या बाकावर. शेजारच्या गृहस्थांच्याही मांडीवर पर्स होती. आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलवली.

किल्ल्या मिळाल्या त्या रात्री सामान यायचं होतं. खोल्या रिकाम्या, आवाज घुमणारा, आणि अंथरायला आईची तेवढी चटई. हॉलमध्ये उकडत होतं म्हणून तिने ती बाल्कनीत नेली. अंथरली, कोपरे हाताने सारखे केले आणि आडवी झाली. बाहेर सिंहगडाच्या बाजूने वारा येत होता.

"ही जागा त्या चटईत धरलेली नाही म्हणालास ना?"

"नाही धरलेली."

"म्हणजे ही फुकटच की रे," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

70 लाखांत बाल्कनीही आलीच होती. मी काही बोललो नाही.